पाहुण्याचा हंडा

"जिंकायला बसलेला माणूस पाणी कशाला देईल, हे मला आधी कुणी विचारलंच नव्हतं," श्यामकांत परब एकदा म्हणाला.

तो साकीनाक्याच्या एका कारखान्यात मिठाईचे खोके कापायचा. घाटकोपरची चाळ पडली, टॉवर झाला, बाराव्या मजल्यावर घर मिळालं. नळाला दिवसभर पाणी, दारं दिवसभर बंद. तिथे त्याने उरल्यासुरल्या पुठ्ठ्यातून चाळ कापली. खोल्या, जिना, एक नळ. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. त्यातून खेळ झाला: नंबर लावायचा, पाणी जाण्याआधी ज्याचे हंडे जास्त, तो जिंकला. आणि एक पाहुण्याची चिठ्ठी. ती ज्याच्याकडे येईल त्याला नळावरचा खेळाडू आपला एक हंडा देतो. चाळीत तसंच व्हायचं. गावाहून कुणी आलं की दाराशी न मागता भरलेला हंडा दिसायचा.

संध्याकाळी तो बायकोशी, सुलक्षणाशी खेळायचा. चिठ्ठी त्याच्याकडे आली की ती हसत हंडा सरकवायची.

पवईत शर्मिष्ठा डावपेचांचे खेळ छापायची. श्यामकांतने नेऊन दाखवलेला खेळ तिला आवडला. अडलं ते चिठ्ठीपाशी.

"काका, हंडा द्यायची सक्ती आहे का?"

"सक्ती कसली? देतात."

"कोण देतात? नियमात काय लिहू?"

त्याने घरी विचारलं, तर सुलक्षणा भाकरी थापत म्हणाली, "लिवक कित्याक होया? देतत."

पुढच्या खेपेला शर्मिष्ठाच्या कचेरीत चार-पाच डाव झाले. सक्ती केली तर सगळे कंटाळले. सक्ती काढली तर कुणीच देईना.

"यार काका, हातातला डाव सोडायला मी काय येडा आहे?" तिथला मिहिर म्हणाला.

"चिठ्ठी काढून टाकू," शर्मिष्ठा म्हणाली. "मग दिवाळीला खेळ बाजारात. खोक्यावर तुमचं नाव."

आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या नावाचे खोके कापले होते. तरी तो म्हणाला, "थांबा. कसा देतात ते दाखवतो."

तो मिहिरसमोर बसला. डाव रंगला. पाणी जायला आलं. चिठ्ठी मिहिरकडे, शेवटचा हंडा श्यामकांतच्या हातात. दिला तर मिहिर जिंकणार. हात पुढे गेला, घुटमळला, आणि हंडा श्यामकांतच्याच खोलीत बसला.

"झकास काका! आता पटलं ना?" मिहिर ओरडला.

श्यामकांतने हंडा उचलून घाईघाईने मिहिरच्या दाराशी ठेवला.

"आता नाही हां. डाव संपला," मिहिर म्हणाला.

तो पुठ्ठ्याच्या नळाकडे बघत राहिला. चाळीत या नळावर आपण कधी उभे होतो? पाणी यायचं तेव्हा तो रात्रपाळी करून झोपलेला असायचा. हंडे सुलक्षणा भरायची. त्याने फक्त दाराशी ठेवलेले पाहिले होते.

"मग काका, चिठ्ठी काढू ना?" शर्मिष्ठाने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हंडा ठेवून घेतलेल्या आपल्या हाताकडे. खेळ टेबलावर तसाच ठेवून तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडला.