तात्यांची शेवटची केबल

तात्यांची सगळी नोकरी एका लोखंडी कपाटाच्या पाठीमागे गेली. रुग्णालयाच्या तळघरात मशीनरूम होती आणि त्या कपाटातल्या डिस्कांवर सगळ्या पेशंटांचे एक्स-रे. कपाटाला दोन पोर्ट, प्रत्येकाला एक जाड केबल. दोन्ही वाटांनी एक्स-रे वर डॉक्टरांच्या पडद्यांवर जायचे. केबल बदलायची तर आधी कमांड देऊन तो पोर्ट 'स्टँडबाय'वर टाकायचा, म्हणजे सगळा भार दुसऱ्या पोर्टवर जाई. मगच केबल ओढायची. घाई केली की वर पडदे काळे आणि खाली फोनवर फोन.

कमांड द्यायच्या मशीनरूमच्या ऑपरेटर ताई, पुढच्या बाजूला बसून. ओढायचे तात्या. मध्ये कपाट, एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून ताई टाइप करता करता शब्दन् शब्द मोठ्यानं म्हणायच्या, मशीनचं उत्तर वाचून दाखवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "सोडा." तोवर तात्या अंग चोरून, वाकून, क्लिपवर अंगठा ठेवून उभे.

"ताई, झोप लागली का?"

"तुमचा अंगठा झोपलाय का बघा."

"मुंग्या आल्यात त्याला."

"म्हणजे जागा आहे. थांबा."

ते दिवस तात्यांना फार गोड वाटायचे. थंडीत कपाटाची गरम हवा पाठीला लागे. पंख्यांचा गोंगाट असा, की बाहेर आल्यावर जग मुकं वाटे. तात्यांची बायको म्हणायची, "घरात दहा हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, आणि त्या गोंगाटात ताईंचं 'सोडा' बरं ऐकू येतं!"

मग नवं कपाट आलं. ते पोर्ट आपले आपणच बदलणार होतं, माणसानं काही म्हणायला नको. जुन्याची एक केबल काढून नव्याला जोडायची होती. दुसरी अजून चालू ठेवायची होती, कारण एक्स-रे नव्यात उतरवून घेणं बाकी होतं. तात्या त्याच आठवड्यात निवृत्त होणार. त्यांनी साहेबांना बजावून सांगितलं, "ती केबल मी लावलीय. मीच काढणार."

त्या दिवशी तात्या वाकले. मागे आता नव्या कपाटाच्याही केबल्स लोंबत होत्या, सगळ्या करड्या. त्यांनी एक धरली, सोडली. दुसरी धरली.

"कुठला पोर्ट धरलाय?" पुढून ताई.

तात्या तिसरी चाचपू लागले.

"तात्या?"

"ताई, नंबर दिसत नाही मला."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. चाचपून भागवत होतो. आज भागत नाही."

खुर्ची सरकली. ताई मागे आल्या. "सरका. पोर्ट दोनची मी धरते."

"मग कमांड? साहेबांना बोलावू?"

"तुम्ही द्या."

"मला कुठं येतंय?"

"इतकी वर्षं काय कानात बोळे घालून उभे होतात?"

ताईंनी पडद्यावरची अक्षरं पाटीवर असावीत एवढी मोठी करून दिली. तात्या खुर्चीत टेकले, पाठ ताठ. एका बोटानं, ताईंच्याच चालीवर म्हणत म्हणत त्यांनी आधी स्थिती विचारली. पोर्ट एक चालू, पोर्ट दोन चालू. मग कमांड: पोर्ट दोन, स्टँडबाय. एंटर.

"सोडा!" तात्या ओरडले.

क्लिप वाजली नाही.

"आधी उत्तर वाचा," मागून आवाज आला.

तात्यांनी वाचलं. पोर्ट दोन, बदल सुरू. स्टँडबाय नव्हेच. भार अजून अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

"तात्या, कंबर मोडली माझी."

"मोडू दे. हलू नका. अजून बदलतोय."

पुन्हा विचारलं. पोर्ट एक चालू. पोर्ट दोन स्टँडबाय. तात्यांनी ते दोनदा वाचलं, बोट ठेवून.

"आता सोडा."

टक्. ताई पुढे आल्या. दोघं फोनकडे बघत राहिले. फोन वाजला नाही.

साहेब दारात आले. "काढली का तात्यांनी?"

"हो, त्यांनीच," ताई हात झटकत म्हणाल्या.

"नाही साहेब," तात्या उठले. "ओढली ताईंनी. मी नुसतं सांगितलं. मला आता दिसत नाही. वर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचा तर कुणाला भेटू?"