कोर्टाचे सिंह आन् काकांची चप्पल

निंबर्ग्याहून सकाळच्या गाडीत अप्पा पुढं बसले, थोरले काका पार मागं, आन् मधी मी. दोघा भावांचं विहिरीवरून कोर्टात चालू हाय. तीन वर्षं बोलणं बंद. काकांच्या लेकीचं, संगीताअक्काचं लग्न पंधरा दिवसांवर आलं, दारं समोरासमोर, पण आम्हाला आवतन (आमंत्रण) न्हाई. अक्का मला हळूच म्हणली होती, अप्पा न्हाई आले तर मी हळदीला बसत न्हाई.

तालुक्याचं कोर्ट निजामाच्या काळातलं. भांडायला इतकं देखणं घर कामून बांधलं, कळंना. काळ्या दगडाच्या पाच कमानी, कमानींवर दगडी वेल, वेलीवर जोडीजोडीनं पोपट, जोडीतले दोघं एकमेकांकडं पाठ करून. आमच्या घरचेच वाटले. दाराशी दोन सिंह. घडवणाऱ्यानं सिंह कवा बघितलेला नसावा. तोंड म्हशीचं, आयाळ वेणीसारखी, नजर आमच्या गणिताच्या मास्तरांची. इकडं लोक कोर्टातबी चपला काढून शिरतात, सिंहाच्या पंजाला हात लावून कपाळाला लावतात. वादी-प्रतिवादी दोघांचे हात लागून पंजे तेल चोपडल्यावानी गुळगुळीत झालेत.

अप्पा ह्या टोकाच्या कमानीखाली, काका त्या टोकाच्या. दुपार झाली, पुकारा न्हाई. मला राहवंना. मधल्या घुमटाखाली गेलो, नाकात बोलणाऱ्या चपराशाचा आवाज काढला, "विठ्ठल वल्द (मुलगा) गुंडप्पा, माणिक वल्द गुंडप्पा, हाजिर होऽऽ!" घुमटानं तो सगळ्या व्हरांड्यात फिरवला.

दोघं धडपडत उठले. चपला एकाच ढिगात फेकल्या, पंजाला हात लावला, आत घुसले. आत नुसता चपराशी डबा सोडायलेला. म्हणला, "साहेब्रु ऊटक्क होग्यार (साहेब जेवायला गेलेत)."

मागं मला हसू फुटलं. दोघं वळले आन् एकदमच म्हणले, "गाढवा!"

तीन वर्षांत दोघांचं पहिलं एकमत.

काका अप्पांकडं न बघताच म्हणले, "तोंड बघ ह्याचं. भायेरच्या सिंहावानी."

अप्पांनी मिशी चावली, तरी हसू निसटलंच. मग पुढली तारीख पडली, आन् दोघं परत गाडीच्या दोन टोकांना.

घरी आल्यावर आईनं अप्पांच्या पायाकडं बोट केलं. उजवी चप्पल त्यांची, डावी काकांची. अप्पा गल्लीत जरा उभारले, समोरच्या दाराकडं बघत.

"चप्पल बदलून येतो," म्हणले.

तासाभरानं आले. हातात हळद लावलेली लग्नपत्रिका. मी पाय बघितले.

डावी अजून काकांचीच होती.