न्हाणीघरातले टूथब्रश

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मार्कबाईंनी तुरुंगाच्या कचेरीतून फोन लावला. समोरच्या बाकावर शिंपी बसला होता. सदरा त्याने स्वतःच शिवलेला, स्वतःच इस्त्री केलेला.

मार्कबाई हे कैद्यांनी ठेवलेलं नाव. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची मानसिक तपासणी करायची आणि सुटल्यावर माणूस पुन्हा तेच करण्याचा धोका किती, याचे तक्त्यावर मार्क द्यायचे, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. इथे मार्क जास्त तो नापास. "शाळेत दहापैकी कधी सहा पडले नाहीत, ते तुम्ही दिलेत," असं म्हणून शिंपी स्वतःच हसायचा. शेजारच्या लहान मुलीवरच्या अत्याचारासाठी तो नऊ वर्षं आत होता. उद्या मुदतीआधी सुटणार होता. सुटल्यावर तो थोरल्या बहिणीकडे राहणार होता; त्या घराची खातरजमा तेवढी उरली होती. "ताई एकटीच असते," असं त्याने लिहून दिलं होतं.

फोन ताईनेच उचलला.

"मावशी, तुमच्या न्हाणीघरात टूथब्रश किती?"

घरात मूल आहे का, असं बाई आता विचारत नाहीत. बारा वर्षांपूर्वी एका घरी विचारलं होतं. "नाही" म्हणाले, बाईंनी तसंच लिहिलं. मूल तिथे राहत नव्हतं, रोज दुपारी यायचं. पुढचं त्यांनी कोर्टाच्या कागदांत वाचलं.

"दोन. एक माझा, एक नातीचा. शाळा सुटली की येते, लेक कामावरून परत येईपर्यंत. का हो?"

बाईंनी कारण सांगितलं. पलीकडे वाहता नळ बंद केल्याचा आवाज आला.

"त्याच्यासाठी खोली रंगवून घेतली हो मी." मग म्हणाली, "नात येईल. त्याला नाही आणत. पण मी नको म्हटलं, हे त्याला कळू देऊ नका."

बाईंनी फोन ठेवला. "नात रोज येते, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"तीन तासांचं काय घेऊन बसलात, बाई? घरचीच पोर आहे."

बाईंनी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. "सुटका माझ्या अहवालामुळे थांबतेय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला भाऊ नसेल," शिंपी म्हणाला.

त्यांना होता. त्यांनी अहवालावर सही केली.

उद्या साडेनऊला फाटकातून सोडायच्या यादीत पाच जण होते, आता चार आहेत. त्याच वेळी शिंपी शिवणखात्यात तिसऱ्या मशीनवर असेल.