सरावाची जागा

पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक, मध्ये थांबायचं नाही. या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. बँकेतल्या एकाने फोटो दाखवले आणि मी त्याच रविवारी सायकल घेतली. आवड वगैरे काही नव्हतं. शरीर पुरतं थकलं की आत काही उरत नाही, आणि मला तेच हवं होतं.

तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत बाबा आणि मी दोघेच राहायचो. आई वारून सहा वर्षं झाली होती. मी लग्न केलं नव्हतं. का, ते विचारणाऱ्यांना मी निरनिराळी कारणं द्यायचो, खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं. गॅलरीत सायकल टांगलेली असायची आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिची घंटी वाजवून जायचा. "काय रे, दूध घालतोस काय?" असं वरच्या मजल्यावरून रोज कुणीतरी विचारायचं.

मग चाळ पाडायची ठरली. नवी इमारत उभी राहीपर्यंत प्रत्येकाने आपापली सोय बघायची. बहुतेक सगळे शीवच्या संक्रमण शिबिरात गेले. मला बँकेचं क्वार्टर मिळत होतं, तेही निवडून. आयुष्यात पहिल्यांदा कुठे राहायचं हे मला कुणीतरी विचारत होतं. मी एक वही केली. पोहायला किती मिनिटांवर, सायकलला पहाटे मोकळा रस्ता किती, धावायला चढ आहे का, असे रकाने आखले आणि रविवारी रविवारी जागा बघत हिंडलो. गिरगावात समुद्र खिडकीतून दिसायचा, पण त्या पाण्यात पाय बुडवायची इच्छा होईना. शीवला किल्ल्याचा चढ झकास होता, पण पोहण्याच्या तलावाच्या वेळा ऑफिसशी जुळत नव्हत्या. वरळी कोळीवाड्याच्या बाजूने समुद्रात पोहून बघितलं. बाहेर आलो तर काठावर बोंबील वाळत घालणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"एवढा लांब जाऊन आलास, आनि आनलंस काय?" तिने विचारलं.

मी काहीच आणलं नव्हतं.

शेवटी उरला लोअर परळचा टॉवर. बँकेने तिथे चौदाव्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने घेतला होता. खाली पंचवीस मीटरचा स्विमिंग पूल, पहाटे पाचला उघडणारा. वरळीचा समुद्रकिनारा सायकलने दहा मिनिटांवर. सगळ्या रकान्यांत पहिला नंबर. त्या वहीत बाबांसाठी रकाना नव्हता.

टॉवर बाबांच्या मिलच्या जागेवर उभा होता.

इथे गिरण्यांच्या संपाबद्दल सांगायला हवं. संप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बाबा विणकर होते. पहिले काही महिने चाळीत जत्रेसारखा उत्साह होता, मग हळूहळू एकेक बिऱ्हाड कोकणात परतलं. आई खानावळीच्या पोळ्या लाटायची. बाबा रोज मिलच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहायचे आणि जेवायला घरी यायचे. घरात कुणी फारसं बोलत नसे. मी त्याच काळात मनावर झाकण ठेवायला शिकलो असणार. पुढे ते झाकण काढायचं कसं, ते काही शिकलो नाही.

संप मोडला असं सगळे म्हणतात. पण तो मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबा यावर अडून बसले. "संप कोणी मागे घेतल्यान? माका दाखव," असं म्हणायचे. आणि संप चालू आहे तोवर गेटच्या आत पाय ठेवायचा नाही. मिल चालू झाली, रडतखडत चालली, बंद पडली. नोकरीचे कागद आतल्या ऑफिसातून स्वतः जाऊन घ्यायचे होते, बाबा गेले नाहीत. गिरणी कामगारांच्या घरासाठी तेच कागद लागत होते. नातेवाईकांनी समजावलं, आईने हात जोडले. सत्तावीस वर्षं त्यांनी गोदामांवर वॉचमनकी केली, पण गेट ओलांडलं नाही. लोक त्यांना हट्टी म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

तेव्हा मी काय केलं ते सरळ सांगतो. मी त्यांना सांगितलंच नाही.

त्यांना मोतीबिंदू झाला होता. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार, डाव्याला माणसांच्या आकृत्या, एवढंच दिसायचं. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात वर्षं काढल्यामुळे कानही अधू. "बँकेची जागा आहे बाबा, परळच्या बाजूला," एवढं मी म्हणालो. दगडी कमानीचं जुनं गेट बिल्डरने शोभेसाठी तसंच ठेवलं होतं, पितळी दिवे लावून. मी टॅक्सी त्या बाजूने नेली नाही. उड्डाणपुलावरून फिरवून, मागच्या गल्लीतून थेट तळघरात आणली. लिफ्टमध्ये बाबा म्हणाले, "गार आसा रे हय." मला काही वाटलं नाही. उद्या पहाटे किती फेऱ्या मारायच्या याचा मी विचार करत होतो.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुरळीत महिने होते. पहाटे मी पोहायचो आणि बाबा पुलाच्या काठावर खुर्चीत बसायचे, मांडीवर टॉवेल, हातात स्टॉपवॉच. फेरी पुरी झाली की मी ओल्या हाताने त्यांच्या पावलाला स्पर्श करायचो आणि ते बटण दाबायचे. वेळ वाचता येत नव्हती तरी "आज बरो चललंस," असं ठोकून द्यायचे. एवढ्या वर्षांत आम्ही इतके जवळ बसलो नव्हतो. 

डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकलाय, आता काढून टाका म्हणून दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी तारीख पुढे ढकलली. माझी स्पर्धा तोंडावर आहे, नंतर करू, असं बाबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. खरं कारण स्पर्धा नव्हतं. त्यांना दिसायला लागलं तर ते इथे राहणार नाहीत, आणि मग मला ही जागा सोडावी लागेल, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या पोहण्याची वेळ सुधारत होती. त्यासाठी मी सख्ख्या बापाला आंधळं ठेवलं. तेव्हा हे वाक्य माझ्या मनात असं स्पष्ट आलं नाही, मी येऊ दिलं नाही.

स्पर्धा झाली. मी पूर्ण केली, मधल्या कुठल्याशा नंबराने. गळ्यात पदक घालून कुणीतरी केळं हातात दिलं. तेही मी काही न वाटता खाल्लं.

ऑपरेशन मग करावंच लागलं. पट्टी निघाल्यावर दोन दिवसांनी बाबा नेहमीच्या खुर्चीत येऊन बसले. मी पाण्यात होतो. तिसऱ्या फेरीला पावलाला हात लावायला गेलो तर खुर्ची रिकामी. बाबा पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभे होते आणि वर बघत होते. मिलची चिमणी पाडायची नाही असा काहीतरी नियम होता, म्हणून ती तशीच उभी होती. तिच्यावर खालून निळा उजेड सोडला होता.

मी टॉवेल गुंडाळून जवळ गेलो.

"ही आमची चिमणी," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग त्यांनी पुलाकडे, झाडांच्या कुंड्यांकडे, जिमच्या काचेकडे एकेक करून बघितलं. "हय साचे होते. माका खंय आणलंस तू?"

मी टॉवेल पुन्हा घट्ट गुंडाळला.

"खंयच्या गेटान?"

"मागच्या," मी म्हणालो.

हातातलं स्टॉपवॉच त्यांनी माझ्याकडे दिलं. नंतर एवढंच म्हणाले, "ऑपरेशन कित्याक थांबवलंस, ता आता समाजला."

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी वाट बघत होतो. वर आल्यावर मीच म्हणालो, आपण ही जागा सोडू, आजच सोडू, भाड्याने कुठेही राहू. त्यांनी मान हलवली. आता सोडून काय उपयोग, असं त्यात होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा मागितला, टोपी घातली आणि टॅक्सी बोलवायला सांगितली. शीवला जायचं होतं, संक्रमण शिबिरात.

आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून एक गृहस्थ राहायचे. संपाच्या आठव्या महिन्यात, धाकटी मुलगी तापाने फणफणलेली असताना, ते गेट ओलांडून कामावर गेले होते. त्या दिवसापासून चाळीने त्यांच्या घरचं पाणी पिणं सोडलं. बाकीच्यांचं पुढे हळूहळू सैल झालं, लग्नकार्यात जेवणंही झाली. बाबांनी मात्र त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्यांच्या बायकोच्या मयतालाही ते लांब, जिन्यापाशी उभे राहिले होते.

त्या गृहस्थांनी दार उघडलं आणि बाबांना बघून दोन पावलं मागे सरले. बाबा सरळ आत जाऊन पलंगावर बसले.

"वाईच पाणी दी रे," ते म्हणाले.

ते गृहस्थ आत गेले आणि तांब्या घेऊन आले. बाबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी प्यायलं, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"मी पण आत गेलंय," बाबा म्हणाले. "चार म्हयने झाले."

त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. टॉवरचा पत्ता चाळीत सगळ्यांना ठाऊक होता. बाबांना काय ठाऊक नव्हतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं असणार.

"तू खंय गेलंस?" ते बाबांना म्हणाले. "तुका झिलान नेल्यान."

"आत गेलो तो गेलो," बाबा म्हणाले. "तुझा तर चेडू तापान पडला होता."

मी दारातच उभा होतो. आत ये, असं मला दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.