पांढऱ्या दगडावरचा नारळ

माझा हात लवकर उठतो. हे आमच्याकडे वंशपरंपरेनं आलंय, असं मी वर्षानुवर्षं हसत सांगायचो. वडिलांच्या पट्ट्याचे किस्से मी आमच्या किचनर शहरातल्या मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणांना रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. लेकीवर मी एकदाच हात उचलला, गणिताच्या वहीवरून. तेव्हा ती आठ वर्षांची होती, आता बारा. ती विसरली असेल असं मी धरून चाललो होतो.

नवी गाडी घेतली तेव्हा नारळ फोडायचा राहिला. शोरूमवाला नको म्हणाला आणि काँडोच्या पार्किंगमध्ये फोडला असता तर मॅनेजमेंटचं पत्र आलं असतं. नागपूरहून आई रोज फोनवर विचारायची. शेवटी 'फोडला गं' म्हणून मी मोकळा झालो. नारळ डिकीत गडगडत राहिला.

सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला आम्ही तिघं ऑटवा व्हॅलीतल्या एका जुन्या आयरिश गावी निघालो. जवळच चुनखडीच्या गुहा होत्या, त्या लेकीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी बघायच्या होत्या. संध्याकाळी गाडीसमोर हरीण आलं. ब्रेक दाबला म्हणून वाचलो.

मोटेलवर पोचल्यावर बायको म्हणाली, "उद्या सकाळी पहिले नारळ फोड. मला काही ऐकायचं नाही."

सकाळी गावात फिरलो. दगडी घरं, दगडी गिरणी, आणि जुन्या हॉटेलाबाहेर एक फलक. लाकूडतोडीच्या दिवसांत इथले आयरिश कुऱ्हाडीच्या दांड्यांनी एकमेकांची डोकी फोडायचे, कान चावून तोडायचे, वगैरे. मी ते मोठ्यानं वाचलं. मजा आली मला. "बघ, आपल्यासारखेच आहेत हे," मी लेकीला म्हटलं.

"दॅट्स नॉट फनी, बाबा."

चर्चच्या मागे, कुंपणालगत, गुडघ्याएवढ्या दगडांची एक रांग होती. एकावरही अक्षर नाही आणि सगळ्यांना ताजा चुना फासलेला. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला दगड दिसला की तो देव, कोणाला विचारावं लागत नाही; इथं शेंदराऐवजी चुना, एवढंच. मी बूट काढले, हात जोडले आणि डिकीतून आणलेला नारळ हाणला.

फुटला नाही. दुसऱ्यांदाही नाही. माझं डोकं तापलं. तिसऱ्या वेळी मी असा हाणला की नारळाची शकलं झाली आणि दगडाचा कोपराही उडाला.

मागून कोणीतरी ओरडत आलं आणि माझी कॉलर धरली. हातात बादली घेतलेला म्हातारा होता, सत्तरीच्या पुढचा. मी त्याला समजावून सांगू शकलो असतो. इंग्रजी मला येतं, पगार त्याचाच मिळतो. पण मी वळलो आणि दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तो तोल जाऊन कडेला कोसळला, त्याचं कपाळ शेजारच्या दगडावर आपटलं आणि पांढऱ्या चुन्यावर रक्ताचा ओघळ आला. खरं सांगतो, तो पडला त्या क्षणी मला बरं वाटलं. मी आणखी एक पाऊल टाकलंसुद्धा. बायकोनं मागून शर्ट ओढला, तो टरकन फाटला.

"अरे, काय करतोस! म्हातारा माणूस आहे तो!"

तिनं त्याला टिश्यू दिले. ते कपाळावर दाबून तो एवढंच म्हणाला, "जस्ट गो. टेक युअर फॅमिली अँड गो."

मी पळालो. याला दुसरा शब्द नाही.

गुहेची तिकिटं बुक होती म्हणून गुहेत गेलो, दुसरं काही सुचलंच नाही. आत गाइड मुलगी दहा-बारा जणांना सांगत होती की पाण्यानं हजारो वर्षं धडका देऊन हा खडक फोडलाय. मग ती म्हणाली, "गावात गेलात तर चर्चमागचे पांढरे दगड बघा. पूर्वी आयरिश निर्वासितांच्या जहाजांतून तापानं फणफणत आलेली मुलं तिथं पुरली आहेत. त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत, म्हणून गावातली म्हातारी माणसं त्या दगडांना चुना लावतात."

आणि खरा अंधार कसा असतो हे दाखवायला तिनं दिवे घालवले.

लेक शेजारीच होती. तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून मी चाचपडलो. हात तिच्या केसांना लागला मात्र, ती किंचाळली.

"मला मारू नको, बाबा!"

मराठीत. चार वर्षांत ती माझ्याशी एक वाक्य मराठीत बोलली नव्हती. दिवे लागले तेव्हा ती भिंतीला चिकटून, दोन्ही कोपरांत डोकं लपवून उभी होती. मी ओळखलं. पट्टा निघाला की मी असाच उभा राहायचो. पॉटलकच्या किश्श्यांत एवढं मी कधी सांगत नाही.

बायकोला म्हटलं, परत चर्चमागे जायचं. म्हातारा तिथंच होता, कपाळाला टिश्यू चिकटलेला, हातात ब्रश. मी माफी मागितली. आमच्याकडे असा दगड देव असतो, हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं आणि ब्रश माझ्यापुढे धरला.

"देन यू क्लीन इट."

गुडघे टेकून मी घासलं. खोबरं निघालं, रक्त निघालं. उडालेला कोपरा काही जागेवर बसेना. म्हाताऱ्यानं तो उचलून दगडाच्या पायथ्याशी ठेवला.

गाडीकडे परतलो तेव्हा त्या दोघी आत बसल्या होत्या. मला येताना पाहून लेकीनं आपल्या बाजूचं लॉक दाबलं. किल्ली माझ्या खिशात होती. बायकोनं लॉक उघडायच्या बटणाकडे हात नेला, मी मानेनंच नको म्हटलं. मग ओले हात खाली सोडून, लेकीच्या काचेपासून चार पावलं लांब, ती उघडेल तेव्हा उघडेल म्हणून मी उभा राहिलो.