रस्त्याची खबर

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. थोरलीचं भरत होतं. खोट्या दातांच्या कवळ्या करणं हाच तिचा व्यवसाय. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचे. त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतायची, मेणाच्या हिरड्या उभ्या करायची, त्यात एकेक दात बसवायची आणि मग कोरणीने ते मेण असं तासायची, की कवळी तोंडात गेल्यावर शेजारच्यालाही संशय येऊ नये. शिक्षण संपल्यापासून गावातल्या एकाच डॉक्टरांकडे, दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी तिचं हे काम चाललं होतं. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असंही काही ठरवलं नव्हतं; ते राहून गेलं. घरात ती आणि आईबाबा. धाकटी बहीण लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलेली, पण तिची रोज एक चक्कर ठरलेली, आणि प्रत्येक गोष्टीत तिचं मतही.

डॉक्टर थकले आणि त्यांनी दवाखाना बंद केला. थोरलीचं काम शहरातल्या एका मोठ्या लॅबला ठाऊक होतं, त्यांनी तिला लगेच बोलावून घेतलं. अडचण एकच, शहर लांब होतं. तिथे खोली घेऊन राहायचं तर आईबाबांकडे कोण बघणार? तेव्हा रोज जाऊन येऊन करायचं ठरलं. आता कशाने, यावर घरात दोन पक्ष पडले.

बाबांनी उभा जन्म लांब पल्ल्याची बस चालवण्यात काढला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने एक जुनी मोटार घेतली, पण ती पुरती अंगवळणी पडायच्या आतच काचबिंदूने त्यांची कडेची नजर खाल्ली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, त्या दिवशी त्यांनी किल्ली थोरलीच्या हातात ठेवली आणि तिला शिकवायला घेतलं. ती परीक्षा पास झाली तेव्हा ते आठवडाभर दिसेल त्याला सांगत सुटले होते.

"गाडी दारात उभी असताना स्टेशनात जाऊन ताटकळायचं कशाला?" बाबा म्हणाले. "आगगाडी काय आपल्यासाठी थांबते? आपली गाडी म्हणजे आपल्या मर्जीची."

"मर्जी तुमची, चालवायचं तिनं," आई म्हणाली. "आगगाडीत घटकाभर डोळे मिटता येतात, ड्रायव्हरसाहेब. ते तुमच्या गाडीत करून बघा म्हणावं."

धाकटी म्हणाली, "आई, आगगाडी रखडली की ही रखडली. पण बाबा, हिचा स्वभाव बघा ना. एक दात बसवताना ही श्वास रोखून धरते. मागून ट्रकने हॉर्न दिला तर काय करेल?"

"बाजूला घेईल आणि त्याला जाऊ देईल. मी शिकवलंय तिला."

थोरलीला कुणी विचारलं नाही असं नाही. आईने विचारलं. थोरलीने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाडीनेच जाईन."

ती गाडीने जायला लागली. चालवत होती नीट. कुठे ठोकली नाही, कुणाच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. पण मोठ्या रस्त्याला लागलं की तिची मान ताठायची, आणि हात स्टिअरिंगला असे चिकटायचे की लॅबच्या आवारात उतरल्यावर बोटं सरळ करायला त्यांना गोंजारावं लागायचं. वाटेत एका नदीवर नवा पूल बांधत होते आणि तोवर सगळी वाहतूक जुन्या अरुंद पुलावरून. समोरून ट्रक आला की ती कठड्याशी गाडी घेऊन थांबायची. घरी आली की बाबा वाटच बघत असायचे.

"पुलाचं काम कुठवर आलं? घाटाच्या खालच्या वळणावर अजून खड्डा आहे का? डावीकडून घे तो, डावीकडून."

ती सांगायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे. आई म्हणायची, "आता जेवू द्या तिला."

दुसऱ्या महिन्यात एक कवळी परत आली. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची होती. कवळी घालून 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची आणि वर्गातली मुलं खो खो हसायची. लॅबच्या मुख्य कारागिराला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी ती कवळी थोरलीच्या टेबलावर ठेवली.

"हे तुमचं काम नाही," ते म्हणाले.

"माझंच आहे, मास्तर."

"मग हे हात तुमचे नाहीत. तुम्ही येता कशा?"

"गाडी चालवत येते."

"तरीच. तुम्ही इथे येऊन बसता, पण दुपारपर्यंत तुमची बोटं स्टिअरिंगच धरून असतात. हा पुढचा दात बघा, केसभर आत गेलाय. तुमच्या गावाहून आगगाडी येत नाही का?"

"येते."

"मग?"

थोरलीने कवळी पहिल्यापासून पुन्हा केली. बाईंची माफी मागायला स्वतः गेली. बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, "मी बावीस वर्षं शिकवतेय. वर्गात मुलं मला कधी हसली नव्हती." ते थोरलीच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी किल्ली घेऊन निघाली. चौकात मोठ्या रस्त्याकडे वळायचं, त्याऐवजी स्टेशनकडे वळली. मालधक्क्याच्या भिंतीशी गाडी लावली आणि तिकीट काढून आगगाडीत बसली. खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची बाई लोकर विणत होती, समोर एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि सवयीने थोरली त्याच्या दाढा बघत बसली. लॅबमध्ये पोचली तेव्हा हात नुसते हात होते. त्या दिवशी तिने बसवलेले दात मास्तरांनी भिंगातून बघितले आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांचं काही न बोलणं म्हणजेच शाबासकी, हे एव्हाना तिला कळलं होतं.

घरी सांगायचं तेवढं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते अंगाशी आलं, कारण बाबा रोज विचारायचे, "पुलाचं काम कुठवर आलं?"

पहिल्या दिवशी ती थाप मारून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशीची थाप पहिलीशी जुळवावी लागली. आगगाडीचा रूळ नदीच्या भलत्याच बाजूने जायचा. तिथून पूल दिसायचा तो अंगठ्याएवढा. मग तिने युक्ती काढली. तयार कवळ्या गावोगावच्या दवाखान्यांत पोचवणारा लॅबचा एक व्हॅनवाला होता. गप्पिष्ट माणूस, त्याची रोजची वाट तीच. दुपारी चहाच्या वेळी ती त्याच्याजवळ जाऊन बसायला लागली.

"काय म्हणतोय रस्ता?"

"तिसऱ्या खांबावर सळया चढल्यात बघा. आणि घाटाखाली डांबर टाकतायत, वास नुसता. एक रोलर मध्येच आडवा घालून ठेवलाय, त्याच्या ड्रायव्हरचा पत्ता नाही."

संध्याकाळी ती ते जसंच्या तसं बाबांना सांगायची. रोलरच्या ड्रायव्हरवर बाबा पोट धरून हसले. त्यांचे प्रश्न वाढत गेले, तशा तिच्याही चौकशा वाढत गेल्या. लॅबमध्ये कुणीतरी कुजबुजलं, की थोरलीताई आणि व्हॅनवाल्याचं काहीतरी शिजतंय. व्हॅनवाल्याची नातवंडं शाळेत जात होती. तोही चक्रावलाच होता, पण त्याच्या रस्त्यात एवढा रस आजवर कुणी घेतला नव्हता, तेव्हा तो खुशीत होता.

मग एक दिवस व्हॅनवाला तापाने पडला. थोरलीने विचार केला, एका दिवसात रस्त्यात असं काय बदलणार? घरी येऊन म्हणाली, "सगळं कालच्यासारखंच. पुलावर गर्दी नव्हती."

धाकटी आलेली होती. ती म्हणाली, "पुलावर? अगं, जुना पूल सकाळपासून बंद आहे. आमच्याकडे बातम्यांत दाखवत होते, कठडा पडलाय म्हणे. तू गेलीस कुठून?"

थोरली पिशवीतला डबा काढायला खाली वाकली.

"वरच्या अंगाने, जुन्या धरणाच्या रस्त्याने गेली असेल," बाबाच म्हणाले. "पूल बंद झाला की तिकडूनच सोडतात. तिच्या डोक्यात पुलाचं नाव राहिलं, एवढंच." आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे ओढला.

सकाळी ती निघाली तर बाबा कपडे करून गाडीत बसलेले. पट्टासुद्धा लावून.

"मी येतो आज," ते म्हणाले.

थोरलीने गाडी सुरू केली. चौकात तिने वेग कमी केला. उजवीकडे मोठा रस्ता, डावीकडे स्टेशन. मागच्याने हॉर्न दिला.

"डावीकडे घे," बाबा म्हणाले. "गाडी चुकेल तुझी."

मालधक्क्याच्या भिंतीशी तिने गाडी उभी केली. इंजिन बंद केल्यावर विचारलं, "कालच्यावरून कळलं?"

"कधीचंच कळलंय. रोज सकाळी गाडी मीच पुसतो ना? मोठ्या रस्त्याने येणाऱ्या गाडीच्या काचेवर किडे चिकटलेले असतात. वाळले की नखाने खरवडावे लागतात. पहिले दोन महिने खरवडत होतो. मग एकदम काच साफ यायला लागली. हवेतले किडे संपले, असं म्हणायचं का मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू का बोलली नाहीस?"

थोरली भिंतीकडे बघत म्हणाली, "गाडी येते मला, बाबा. पण मला आवडत नाही. एक दिवससुद्धा आवडली नाही. शिकत होते तेव्हाही नाही."

बाबांना ते लागलं, हे तिला दिसलं. त्यांनी पट्टा सोडला, तो पुन्हा लावला, पुन्हा सोडला.

"सरळ सांगायचंस," शेवटी ते म्हणाले. "मी काय खाल्लं असतं का तुला? गाडीचं जाऊ दे. पण तू त्या रस्त्याचं सांगायचीस ना, ते फार छान सांगायचीस. ते बंद पडेल म्हणून मीही तोंड उघडलं नाही. सळया काय, रोलर काय. एवढं सगळं तुला आगगाडीतून दिसतं कसं, याचं मला नवल वाटायचं."

तेव्हा थोरलीने व्हॅनवाल्याचं सांगितलं. बाबा इतके हसले की डोळे पुसावे लागले.

त्या दिवशी ते तिच्याबरोबर शहरापर्यंत गेले. दुसऱ्याने चालवलेल्या वाहनात एवढा वेळ बसायची त्यांना सवय नव्हती. स्टेशन जवळ आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे दाबला जायचा. "उशिरा लावला ब्रेक," ते पुटपुटले. एका उतारूने चमकून पाहिलं.

लॅबमध्ये व्हॅनवाला आला होता. ताप उतरला होता, पण तोंड सुकलेलं. बाबा त्याच्याजवळ जाऊन बसले आणि दुपारचा चहा संपला तरी दोघं उठेनात. पुढे आठवड्यातून एकदोनदा व्हॅन घरावरून जायला लागली. बाबा पुढच्या सीटवर बसून दवाखान्यांची फेरी करून यायचे. व्हॅनवाल्याला वळण कसं घ्यायचं ते शिकवायचे, तो हो हो म्हणायचा आणि आपल्या मनासारखंच घ्यायचा. दोनदा त्यांचं भांडण झालं, एकदा बोलणंही बंद होतं. मोटार धाकटीने नेली. तिला शिकवायला मात्र बाबांनी साफ नकार दिला. एकदा हात पोळलेत, म्हणाले.

थोरलीचं आगगाडीचं जाणं-येणं सुरू राहिलं. रखडायची, धक्के खायची, एकदा झोपेत दोन स्टेशनं पुढे गेली. पुढच्या वर्षी रुळांचं काम निघालं आणि कित्येक आठवडे गाड्या बंद राहिल्या. तेव्हा तिने धाकटीकडून मोटार मागून आणली आणि मुकाट्याने चालवत जाऊ लागली. भीती पूर्वीइतकी राहिली नव्हती, बोटं मात्र आखडायचीच. तिनेच मास्तरांना सांगितलं, "सकाळी मला साचे ओतायला द्या. बारीक काम दुपारी करते." मास्तरांनी तसं लावून दिलं. गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी तिने धाकटीची मोटार धुऊन परत दिली.

लॅबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने तिला विचारलं, "ताई, तुम्हाला तर छान चालवता येते. मग रोज कशाला त्या आगगाडीत पिचायचं?"

"येते, पण आवडत नाही," थोरली म्हणाली, आणि तिच्याकडून मेणाचा तुकडा मागून घेतला.