भाऊजींची तारीख

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात कामापेक्षा 'कामाला किती वेळ लागेल' यावरच जास्त वेळ घालवणारा माणूस एकच, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात ते टीमचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यामुळे त्यांना सर म्हणायचं की भाऊजी, हेच माझं अजून ठरलेलं नाही. त्यांचं स्वतःचं तर काहीच ठरत नसे. एकदा म्हणाले, कामाला तास नका लावू, शर्टासारखी मापं लावा, लहान, मध्यम, मोठं. आमच्यातला एक कापड-दुकानदाराचा मुलगा. तो म्हणाला, "सर, सुती शर्ट धुतला का आटते. आपलं काम तर धुतलं का वाढते!" झालं, भाऊजींना ते पटलं आणि मापं रद्द. मग कामाला गुण द्यायचं ठरलं. एका गुणाचे तास किती, विचारलं की भडकत, "तास सांगता आले असते त गुण कायले काढले असते बे?" मला ते तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही, देवाशप्पथ.

मग आले आकडे लिहिलेले पत्ते. प्रत्येकानं आपल्या अंदाजाचा पत्ता पालथा धरायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे कुणी कुणाचं बघून ठरवायला नको. पण आमच्याकडे थोरल्यानं घास घेतल्याशिवाय ताटाला कुणी हात लावत नाही, पत्ता काय उघडणार! सगळे भाऊजींच्या हाताकडे बघत बसले. "अबे, माह्याकडं काऊन पाहून राह्यले?" म्हणत ते भिंतीकडे तोंड करून बसले. तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. साळा आहे, याला घरातलं ठाऊक असणार! मी घाबरून आठ दाखवला, सगळ्यांनी आठ दाखवला. भाऊजींनी वळून ते एकमत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. हैदराबादच्या ग्राहकाला त्याच्या कापूस-खरेदीच्या अ‍ॅपची तारीख हवी होती. ती पटली नाही तर काम जाणार, आमचं ऑफिस बंद, आणि आम्ही सगळे घरदार सोडून हैदराबादला. भाऊजींना त्या शहराचा धसकाच. तामसी या आपल्या गावाहून रोज बसनं ऑफिसला यायचं, दुपारी डब्यातली ताईच्या हातची ज्वारीची भाकरी खायची, संध्याकाळी घरी. याच्यापलीकडे त्यांना सुख माहीत नव्हतं.

फोनवर ग्राहक म्हणाला, "डेट बोलो जी." काहीतरी सांगून टाका, अशा खुणा करून माझे हात दुखले. भाऊजी म्हणाले, "सर, पूरा काम कब होता, मेरेको नहीं मालूम. थोडा करके दिखाता, फिर बोलता." मी म्हटलं, बुडालो! पण ग्राहकाला नेमकं तेच आवडलं. काम राहिलं, ऑफिस राहिलं. अट एकच, त्याच्या हैदराबादच्या टीमला असंच वागायला शिकवायला भाऊजींनाच पाठवायचं.

भाऊजी निघाले त्या सकाळी बसस्टँडवर मी बॅग धरून उभा होतो. ताईनं विचारलं, "अवो, परत कवा येसान?"

"तिथलं काम पाह्यल्याबिगर कसं सांगू?"

"अंदाजे तरी सांगा ना."

भाऊजींनी माझ्या हातातली बॅग घेतली. मग म्हणाले, "पोळ्याले येतो."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तारीख मी पहिल्यांदाच ऐकली. मनानंच ठोकून दिली होती, हे मला कळलं, ताईलाही कळलं असावं. तिनं मान डोलावली, आणि ती तारीख खरी ठरावी असं मला फार फार वाटलं.